चौथं स्थळ आणि ओढ्याचा होल

नाशिक शहरात ज्या मैदानाच्या नावात गोल्फ आहे, तिथे मी जन्मात कुणाला गोल्फ खेळताना पाहिलं नाही. तिथे क्रिकेट, सभा आणि सकाळी कानटोप्या घालून फिरणारे पेन्शनर. मी सांगतेय ते मैदान वेगळं. देवळालीच्या पुढे, डोंगराच्या अंगाला, वर्षातले आठ महिने करपलेलं. पैसे भरले की कुणीही खेळावं असा तिथला नियम होता. पण त्या 'कुणीही'त कोण बसतं, हे न सांगता सगळ्यांना कळायचं. कॉलरचा शर्ट हवा, बूट हवेत आणि चुकलं तर इंग्रजीत हळहळता आलं पाहिजे. चहा चिनी मातीच्या कपातून यायचा, आणणाऱ्याच्या अंगात पांढरा कोट असायचा.

एवढा साहेबी थाट, पण मैदान म्हणाल तर महाद्वाड. जमिनीतून काळे दगड वर आलेले, त्यावर चेंडू पडला की कुठे उडेल ते ब्रह्मदेवाला ठाऊक. दोन्ही बाजूंना घाणेरीची झुडपं. दुपारनंतर डोंगराकडून वारा सुटायचा तो नेमका तोंडावर. आणि पाचवा होल, म्हणजे चेंडू घालायचं पाचवं भोक, तर ओढ्यापलीकडे. चार फटक्यांत संपवायचा असा हिशेब, पण तो चारात संपवणारी माणसं मोजकीच. माझ्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, तो चारात कधीच जमला नव्हता. पाटबंधारे खात्यात ज्यांनी उभी हयात पाण्याला वळण लावलं, त्यांना तेवढा ओढा काही आवरेना. याचा त्यांना मनापासून राग होता.

आई गेली तेव्हा मी कॉलेजात होते. त्यानंतर अण्णांना रविवारी घरात बसवेना. एका रविवारी त्यांनी मला स्कूटरवर मागे बसवलं, मैदानावर नेलं आणि गोल्फची काठी, जिला क्लब म्हणतात, ती माझ्या हातात दिली. मी सलवार-कमीज आणि कॅनव्हासचे बूट घालून खेळायची. बाकीच्या बायका वऱ्हांड्यात बसून विणायच्या आणि माझ्याकडे बघून टाके चुकवायच्या. चुकवू देत. वर्षभरात मी त्यांच्या नवऱ्यांना हरवायला लागले.

तिथे शेवटच्या फटक्यासाठी हिरवळ नव्हती. हिरवळ कुठली, प्यायला पाणी टँकरनं यायचं. भोकाभोवती वाळूत गाड्यांचं जळकं ऑइल मिसळून केलेलं तपकिरी रिंगण असायचं, त्याला ब्राउन म्हणत. त्यावर पाऊल उमटलं की तसंच राही. म्हणून चेंडू भोकाकडे ढकलण्याआधी, दांड्याला ठोकलेली एक फळी ओढून चेंडूपासून भोकापर्यंतची वाट सारखी करून घ्यायची. सोबत्याची वाट सोबत्यानं करायची, असा रिवाज. माझी अण्णा करायचे, अण्णांची मी. बोलणं फारसं व्हायचं नाही. माझे ते सगळ्यात सुखाचे दिवस होते, हे मी कुणासमोरही सांगेन.

पण मुलीचं वय काही गोल्फ खेळत थांबत नाही. माझी आत्या सटाण्याला दिलेली. दर दिवाळीला यायची आणि मला वरून खाली बघून म्हणायची, "घोडनवरी झाली गं." ऐंशी सालाच्या आसपास तिनं स्थळांचा सपाटाच लावला. अण्णांनी तिला एकच अट घातली. कांदेपोहे घरी होणार नाहीत. मुलानं मैदानावर यायचं, आमच्याबरोबर नऊ होल खेळायचे. "पोहे खाताना सगळेच सज्जन असतात," अण्णा म्हणाले. आत्यानं कपाळावर हात मारला, पण स्थळं आणली.

पहिलं स्थळ पुण्याचं, बँकेत साहेब. पांढरेशुभ्र बूट घालून आला. घाणेरीत गेलेला चेंडू त्यानं हळूच पायानं बाहेर ढकलला. ते अण्णांनीही पाहिलं, मीही पाहिलं. त्याला नाही म्हणताना मला वाईट वाटलं नाही. दुसरा डॉक्टर. खेळायचा छान, आणि खरं सांगायचं तर दिसायलाही बरा होता. अण्णा म्हणाले, "फार बोलतो." तिसरा फौजेतला. त्याच्यात खोट म्हणून सापडेना. अण्णांना त्यानं एका फटक्यानं हरवलं, वर अदबीनं हात मिळवला. घरी येऊन अण्णा बराच वेळ बुटाची माती काढत बसले आणि म्हणाले, "फारच नीट खेळतो. असा माणूस संसारात कंटाळवाणा."

तेव्हा मात्र आत्याचा तोल गेला. "दादा, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतोस? तुला जावई नकोय. तुला पोरगी सोडायची नाहीये. तू म्हातारा होशील, मरशील, मग ही काय त्या दगडांत एकटी काठ्या आपटत फिरेल?"

 मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होते. आत्या खरं बोलत होती, म्हणून तिचा राग आला. अण्णांचाही आला, माझं आयुष्य ते वाळूवर तोलत होते म्हणून. आणि एवढा राग येऊनही, आपण कुणाला इतक्या हव्या आहोत याचं बरंही वाटलं. त्या रात्री मी अण्णांना स्पष्ट सांगितलं, "आणखी एक स्थळ बघा. त्यालाही नाही म्हणालात तर पुढे मी कुणासमोर उभी राहणार नाही. मग राहू आपण दोघं असेच." अण्णांनी मान हलवली. होकाराची की नकाराची, ते कळलं नाही.

चौथं स्थळ निफाडचं. द्राक्षबागायतदार, शेतकी कॉलेजातून शिकून परत बागेतच गेलेला. धुळीनं माखलेल्या मोटारसायकलवरून आला. कॉलर होती, बूट होते, पण बुटांना चिखल. उतरल्या उतरल्या म्हणाला, "मी हा खेळ फक्त फोटोत बघितलाय. तेव्हा हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या." वऱ्हांड्यात आत्यानं डोळे मिटले.

आणि काय तो खेळ. पहिल्या फटक्याला चेंडू जागच्या जागी आणि मातीचं ढेकूळ पुढे गेलं. दुसऱ्याला क्लबच हातातून सुटला. प्रत्येक फटका तो मोठ्यानं मोजायचा, हवेत मारलेला फटकासुद्धा. तिसऱ्या होलला घाणेरीत शिरून ओरबाडून आला, तेव्हा मी म्हटलं, "सोडून द्या तो चेंडू." तर म्हणाला, "छे, तुमच्या वडिलांचा आहे. उगाच पहिल्याच दिवशी नुकसान." मला हसू आवरेना. अण्णांना आवरलं.

मग ओढ्याचा होल आला. त्या दिवशी वारा पडलेला होता. अण्णांचा पहिला फटका सरळ गेला, दुसरा ओढ्याच्या अलीकडच्या काठाशी थांबला, आणि तिसरा ओढा ओलांडून ब्राउनवर घरंगळत भोकापासून वीतभर अंतरावर थांबला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. आता चौथा फटका म्हणजे नुसता टिचकी मारल्यासारखा. ओढा उतरताना अण्णांनी माझा दंड धरला तो घट्ट.

आमचा पाहुणा त्याचा चेंडू उचलून आमच्या पुढे निघून गेला होता. काहीतरी मदत करावी म्हणून मी वरून ओरडले, "तेवढी फळी ओढून घ्या." मला म्हणायचं होतं, वीतभर वाट. पण तो शेतकरी माणूस. आम्ही ओढा चढून वर पोचतो तर यानं अख्खं रिंगण वाफ्यासारखं सारखं करून ठेवलेलं. काठापासून काठापर्यंत, एक रेघ नाही. आणि मधे येत होता म्हणून अण्णांचा चेंडू उचलून खिशात टाकलेला.

आमची तोंडं बघून त्याच्या लक्षात आलं. चेंडू बाहेर काढून तो म्हणाला, "चुकलंच की. कुठे होता, ते मी बघितलंच नाही. उगाच अंदाजानं ठेवत नाही, तुम्हीच सांगा."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी जागा दाखवली, भोकापासून वीतभर. अण्णांनी चेंडू ठेवला, वाकले, हलकेच ढकलला. पण ते रिंगण इतकं गुळगुळीत झालं होतं की चेंडू भोकाच्या काठावरून निसटला आणि थेट पलीकडे जाऊन थांबला. पाच.

उरलेले चार होल आम्ही कसेबसे उरकले.  मला तो माणूस आवडला होता हो. आणि आता अण्णांना नाही म्हणायला कारण शोधावं लागणार नव्हतं, त्यानं ते आपल्या हातांनी तयार करून दिलं होतं.

चहा झाला. तो मोटारसायकलकडे गेला तशी आत्या म्हणाली, "बोल दादा, याच्यात काय खोट?"

"खेळता येत नाही," अण्णा म्हणाले.

"म्हणजे झालंच."

"येणारही नाही. हाताला वळणच नाही त्याच्या." अण्णांनी कप खाली ठेवला. "होय म्हणून कळव."

आत्या बघतच राहिली. मीही. ती उठून निरोप सांगायला लगबगीनं खाली उतरली तेव्हा मी अण्णांना विचारलं, "एवढं होऊनसुद्धा?"

ते मैदानाकडे बघत म्हणाले, "त्या डॉक्टरशी लग्न केलं असतंस, तर रविवारी तुम्ही दोघं खेळला असता. मी कशाला मग? फौजवाल्याचंही तेच. याला खेळताच येत नाही. म्हणजे तुला खेळायला मीच लागेन." मग खाली मान घालून म्हणाले, "त्याला कधी शिकवू नकोस."

नाही शिकवलं. लग्नानंतर रविवारी सकाळच्या एसटीनं मी निफाडहून यायची, अण्णा स्टँडवर स्कूटर घेऊन उभे असायचे. नवऱ्यानं दोनतीनदा हौसेनं म्हटलं, मलाही दाखव की. मी काही ना काही सबब सांगितली. मुलं झाली, येणं कमी झालं, मग अण्णांचे गुडघे गेले, आणि एका उन्हाळ्यात अण्णाच गेले.

दिवस झाल्यावर नवरा म्हणाला, "आता तरी शिकव मला. तुला सोबत होईल."

मी त्याला नाही म्हटलं.