सासूबाईंच्या मीटरवर

फर्निचरच्या शोरूमचा हा मॅनेजर जातिवंत कवडीचुंबक. गिऱ्हाइकांसाठी आणलेल्या बिस्किटांतली उरलेली तो रुमालात बांधून घरी नेई आणि त्याला काटकसर म्हणे. विजेवरची गाडी घेतल्यापासून तर त्याची अक्कल उतू चालली. पेट्रोल भरणारे सगळे बिनडोक, हे तो दिसेल त्याला थांबवून ऐकवी.

पहिल्या महिन्याचं घरचं बिल आलं. पेट्रोलच्या मानाने खर्च किती तरी कमी होता. सरळ माणूस खूश झाला असता. पण याला कमी नको होता, फुकट हवा होता. आधी त्याने बायकोची इस्त्री कपाटात कुलूपबंद केली. तेवढ्याने भागेना, तेव्हा त्याला सासूची आठवण झाली.

सासूबाई शहराच्या दुसऱ्या टोकाला, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत एकट्या राहत. नवऱ्यामागे मिळणाऱ्या तुटपुंज्या पेन्शनवर त्यांचं चाले. लग्नानंतर जावई तिकडे फारसा फिरकला नव्हता. आता दर शनिवारी दुपारी हजर. खिडकीतून लांबलचक वायर आत घ्यायची, स्वयंपाकघरातल्या प्लगला लावायची आणि कोचावर घोरत पडायचं. संध्याकाळी गाडी तुडुंब भरली की चपला शोधायच्या. म्हातारी मात्र हरखली. जावई मुलासारखा जीव लावतो, असं शेजारणींना सांगू लागली.

बिल दुपटीवर गेलं. मीटर बिघडला असेल म्हणून तिने तक्रार केली. माणूस येऊन बघून गेला, मीटर ठणठणीत होता. वायर तिला दिसत होती, पण जावयाला कसं बोलायचं? तिने खोलीतला हीटर बंद केला, ऐन थंडीत आंघोळही गार पाण्याने करू लागली. शेवटी छातीत कफ भरला आणि तिला दवाखान्यात ठेवावं लागलं.

मुलीने बरंच खोदून विचारलं, तेव्हा कुठे ती बोलली. मग लेकीचा हात धरून म्हणाली, "त्यांना येऊ नका म्हणू नकोस गं. चार घटका घरात माणूस असतं."

मुलगी बाहेर आली. नवरा बाकावर बसून आईसाठी आणलेलं सफरचंद खात होता. तिने जाब विचारला, तर तो निर्ढावल्यासारखा म्हणाला, "घरीच चार्ज केली ना? सासर म्हणजे काय परकं घर आहे?"

"नाही ना? मग आई आता आपल्याकडे राहील," ती म्हणाली. "आणि तिच्या खोलीत हीटर दिवसभर चालेल."

त्याचं तोंड चालायचं थांबलं. हीटर किती वीज खातो, याचा हिशेब त्याच्या चेहऱ्यावर सरळ वाचता येत होता. सासूच्या श्वासाचं त्याने अजून विचारलंही नव्हतं.

म्हातारी लेकीकडे आली. कपाटाचं कुलूपही निघालं. गाडी आता घरच्याच मीटरवर लागते आणि बिल आलं की मॅनेजर दोन दिवस घुम्यासारखा बसतो. एका छपराखाली राहूनही सासूजवळ टेकायला त्याला सवड नसते. शनिवारी तर दुकानात हटकून काम निघतं. म्हातारी त्याची वाट बघते. मुलगी सांगते, कामात आहेत. नवऱ्याची अब्रू राखायची म्हणून नव्हे. तेवढी अब्रू त्याला उरलेलीच नाही. आईचं मन मोडवत नाही, म्हणून.