सुतकातली स्तुती

बाजाराच्या दिवशी माझी पत्नी वारली. सकाळी तिने ज्वारी दळली आणि विहिरीवरून पाणी आणले. दुपारी तिला पटकी झाली. दिवस मावळायच्या आत ती गेली.

आम्ही अमरावतीत राहत होतो. एका छपराखाली दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत मी मुलांना शिकवीत असे, मागच्या खोलीत आमचा संसार होता. कापसाचा हंगाम चालला होता. अमेरिकेत लढाई सुरू होऊन तिकडचा कापूस यायचा थांबला तेव्हापासून गावात रिकामी गाडी सापडत नसे, आणि त्या दिवशीही सापडली नाही. तिला खांद्यावर न्यावे लागले. आम्ही ख्रिस्ती माणसे मोजकीच होतो: मी, एक म्हातारा कोष्टी, त्याची बायको आणि त्यांचा मुलगा. खांद्याला चौथा माणूस कमी पडला तेव्हा शेजारचा पिंजारी न बोलावता आला.

नाल्यापलीकडे आम्ही तिला पुरले. त्या महिन्यांत अमरावतीच्या हवेत कापसाचे तंतू उडत असत. एक पुंजका येऊन तिच्या चादरीवर बसला. तो काढावा की राहू द्यावा, याचाच मी विचार करीत राहिलो. पाळक आमच्याकडे वर्षातून एखाद वेळी येत, म्हणून कबरेपाशी जे म्हणायचे ते मीच म्हणायचे होते. मी "माती द्या" एवढेच म्हणालो.

परतताना सगळ्यांनी विहिरीवर अंघोळ केली. म्हातारा माझ्या दाराशी आला, पण उंबरठ्याच्या आत आला नाही.

"मास्तर, आता दहा दिस त्या शास्त्राच्या पुस्तकाले हात नोका लावू," तो म्हणाला. "इटाळ हाय."

"बरं," मी म्हणालो.

सुतकात देवाला शिवत नाहीत, देवापुढे दिवा लावीत नाहीत, हे आम्हा सगळ्यांच्या अंगात लहानपणापासून मुरलेले होते. बाप्तिस्म्याने ते गेले असे आम्ही समजत होतो. मागच्या साली म्हाताऱ्याची नात गेली तेव्हा मीच त्याला समजावले होते की आपला प्रभू स्वतः कबरेत उतरला, मग मेलेल्याच्या घरी त्याला विटाळ कसला? त्याला ते पटले होते. पण ते त्याने माझ्या तोंडून ऐकले होते, आणि आता माझे तोंड बंद होते. मला सुतक सोयीचे वाटले. गप्प बसायला कारण मिळाले.

आमच्या घरातल्या रविवारच्या उपासनेची सुरुवात ती करीत असे. मी शास्त्र वाचायचो, अर्थ सांगायचो. पण पहिला शब्द तिचा, आणि तो नेहमी उपकारस्तुतीचा. आधी आभार, मग मागणे, असा तिचा क्रम होता आणि तो ती मोडू देत नसे. एका उन्हाळ्यात मला ताप भरला होता. तेव्हाही ती उशाशी बसून आधी देवाची स्तुतीच करू लागली.

"आधी ताप उतरू दे म्हण की," मी म्हणालो.

"तुमाले ताप हाय थे त्याले ठाऊक हाय," ती म्हणाली. "मी त्याच्याकडे पाहून राहिली. तुमी मधात नोका बोलू."

मी शिकलेला माणूस. मला हे उलटे वाटे. काही मिळाले म्हणजे आभार मानायचे. मिळायच्या आधीच आभार कसले? पण मी वाद घातला नाही. तिचा आवाज चांगला होता आणि मला तो ऐकायला आवडे.

ती गेल्यावरच्या पहिल्या रविवारी मंडळी आली आणि अंगणात बसली. पुस्तक कोणी उघडले नाही. म्हाताऱ्याने कापसाच्या भावाची गोष्ट काढली. सूत इतके महाग झाले होते की त्याचा माग बंद पडला होता. सारे गाव कापसावर श्रीमंत होत होते आणि कोष्ट्याला विणायला सूत मिळत नव्हते. त्याची बायको एका व्यापाऱ्याकडे सरकी काढायला जात होती. थोडा वेळ बसून ते तिघे उठून गेले. मला हायसे वाटले.

सुतकाचे दिवस संपले. पुढच्या रविवारी ते परत आले, आणि मी फळीवरचे पुस्तक काढले नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. तेव्हा कोष्ट्याची म्हातारी म्हणाली,

"मास्तर, एक बोलू? आमच्या जातीवाल्यायनं निरोप धाडला. म्हन्ते, परत या, पंगतीले बसा, झालं गेलं इसरून जाऊ."

"मग?"

"मंग काय! आमाले वाचता येत नाई अन् तुमी तोंड उघडत नाई. आमी काय तुमचं अंगन राखाले येऊन राहिलो का?"

"ए, चूप बस," म्हातारा तिला म्हणाला. पण तो माझ्याकडे पाहत होता.

गोष्ट सरळ होती. मी देवाची स्तुती केली नाही, तर त्या अंगणात ती करणारे कोणीच उरणार नव्हते. हे मला समजत होते. समजूनही आत काही हलत नव्हते.

तिच्या आईला अजून कळवले नव्हते. त्या अकोल्याला राहत, मोर्णेच्या काठी. त्यांच्या घरात वाचणारे कोणी नव्हते, म्हणून पत्राचा उपयोग नव्हता. मी कापसाच्या एका गाडीवर जागा मागितली आणि गठ्ठ्यांवर बसून निघालो. गाडीवान मुसलमान, अमरावतीचाच, बोलका.

"मास्तर, सुनो तं खरी," तो म्हणाला. "तिकडं गोरे गोऱ्यायले मारून राहिले, अन् इकडं माह्या बैलायच्या गळ्यात नव्या घंट्या! अल्लाचा शुक्र. अजून दोन साल चालली पाह्यजे थे लढाई."

"माणसं मरतात तिथं."

"मरतेत ना. इथं नाई मरत का?"

मग त्याला माझे आठवले असावे. त्याने जीभ चावली, आणि बडनेरा मागे पडेपर्यंत तो फक्त बैलांशी बोलला.

त्या साली वऱ्हाडात सगळेच देवाचे आभार मानीत होते. वाटेतल्या देवळांना नवा रंग होता, दर्ग्यांवर नव्या चादरी होत्या. भाव होता तोवर आभार होते. त्यांना नावे ठेवावीत असे मला वाटले नाही. मीही तसाच होतो. फक्त माझा भाव पडला होता.

सासूबाईंना मी मामी म्हणत असे. मी पोचलो तेव्हा त्या मागच्या अंगणात रेचा फिरवीत बसल्या होत्या. दोन लाकडी लाटांमधून कापूस पलीकडे ओढला जात होता आणि सरकी अलीकडे पडत होती. मला पाहून त्या उठल्या नाहीत. लग्नानंतर आम्ही दोघांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हापासून त्या घराच्या ओसरीवर मी पाऊल ठेवले नव्हते. कुंपणाशीच उभा राहिलो.

"ती गेली," मी म्हणालो. "पटकी झाली होती."

रेचा थांबला नाही.

"कोन गेलं?" त्या म्हणाल्या. "माही पोरगी तं तवाच मेली, तुमी बाटले तवा. पळसाच्या पानायची बाहुली करून जाळली आमी तिची. सारं घर न्हालं. सुतक धरलं, फेडलं. आता हे दुसऱ्यांदा कोन मेलं?"

मी पडणाऱ्या सरकीकडे पाहू लागलो.

"बोला ना. एका लेकराचं सुतक दोनदा कसं धरू? घरातले इचारतीन, बुढी काहून रडून राहिली. काय सांगू त्यायले?"

त्या रडत नव्हत्या. हात फिरत होता आणि सरकी पडत होती. थोड्या वेळाने त्यांनी विचारले,

"पानी मागतलं होतं का तिनं?"

"हो. दिलं."

"कोनं देल्लं? तुमी?"

"मीच दिलं."

"बरं झालं." मग म्हणाल्या, "तुमच्यात काय करतेत मेल्यावर? तेरवी करतेत का?"

"तेरवी नसते. देवाची स्तुती करतात. माणूस दिला म्हणून त्याचे उपकार मानतात."

"नेल्यावरबी?"

"नेल्यावरही."

"मंग केली का?"

"नाही."

"काहून?"

"सुतक होतं," मी म्हणालो.

तेव्हा रेचा थांबला. त्या माझ्याकडे पाहत राहिल्या आणि मग हसल्या. ते हसणे ऐकवत नव्हते.

"वा रे मास्तर! त्या देवापायी आमी पोरगी जित्तेपनी जाळली. मायचं घर सोडलं तिनं, सनवार सोडले, सारं सोडलं. अन् तुमी तिच्यासाठी त्याचं नावबी घेतलं नाई? सुतक होतं म्हन्ते! सुतक तं माह्या घरीबी होतं. मंग कायले गेली ती तुमच्यासंग?"

"मामी, मला काही वाटतच नाही," मी म्हणालो. "शब्द म्हटले तरी ते पोकळ होतील."

"पुस्तकातलं नोका बोलू. इथं होती तवा सकाळी उठून दळाले तिले कवाच वाटलं नाई. पन दळलं ना तिनं?" त्यांनी एकदा घराकडे पाहिले. आत सुना स्वयंपाक करीत होत्या. "म्हना. माह्यासमोर म्हना. रेचा चालू हाय, आत आयकू जानार नाई."

त्या पुन्हा फिरवू लागल्या, पहिल्यापेक्षा जोराने. लाकूड करकरत होते. त्या आवाजात, कुंपणाशी उभा राहून, मी देवाचे उपकार मानले. तिचा क्रम मला पाठ होता. आधी तो कोण आहे ते, मग त्याने काय केले ते. तो चांगला आहे असे मी म्हणालो. मेलेल्यांपर्यंतही त्याचा हात पोचतो असे म्हणालो. त्याने तिला मला दिले होते, म्हणून त्याची स्तुती असो, असे म्हणालो. मागितले काहीच नाही. मागायला काही सुचले नाही. मध्येच एका बकरीने कुंपणातून तोंड घालून सरकी खाल्ली आणि मामींनी तिला हाकलले, तेव्हाही मी म्हणतच होतो.

"झालं?" मी थांबल्यावर त्यांनी विचारले.

"झालं."

"लहानच हाय तुमची स्तुती," त्या म्हणाल्या.

निघताना त्यांनी शेंगा आणि गूळ फडक्यात बांधून कुंपणावर ठेवला. हातात दिला नाही. "जवाईबापू, उन्हाचं जपून जा," म्हणाल्या. बाप्तिस्म्यानंतर त्यांनी मला त्या नात्याने हाक मारली नव्हती.

परतीची गाडी मिळेपर्यंत मी गावाबाहेर बसून राहिलो. तिथे आगगाडीच्या स्टेशनाचे काम चालले होते. कापसाच्या पैशातून अकोल्यात लोकांनी घाईने घरे उठवली होती, आणि उन्हाळा लागताच जमीन तडकून कित्येक नव्या भिंतींना भेगा गेल्या होत्या. स्टेशनाचे गवंडी मात्र काळी माती सगळी उपसून, खाली मुरूम लागेपर्यंत खणत होते. काळी माती वाईट नव्हे. सारे वऱ्हाड तिच्यावर जगते. पण ती पावसात फुगते आणि उन्हात आकसते. माझे वाटणे तसेच होते, आणि मी स्तुती त्याच्यावर उभी करू पाहत होतो: बरे वाटले की करायची, नाही वाटले की थांबायचे. माझी पत्नी स्तुतीलाच पाया करीत असे. दुःख, ताप, मागणे, जे काही वर यायचे ते मागाहून. हे मला त्याच दिवशी समजले असे लिहिले तर ते खरे होणार नाही. त्या दिवशी मी फक्त खड्ड्याकडे पाहत होतो.

अमरावतीला पोचलो तो रविवार नव्हता. तरी मी म्हाताऱ्याच्या घरी जाऊन "संध्याकाळी या" असे सांगितले. ते तिघे आले. म्हातारी अंगणातच टेकायला लागली, तेव्हा तिला आत बोलावले. पुस्तक फळीवरून काढून पुढ्यात ठेवले, पण आधी उघडले नाही. आधी उपकारस्तुती म्हणायला घेतली. माझ्या गळ्यात गाणे नाही. दुसऱ्याच शब्दाला म्हातारीने तोंडाला पदर लावला.

"मास्तर, रेकू नोका," ती म्हणाली. "हळू म्हना. आमी येतो ना मागून."

ते मागून आले. म्हाताऱ्याचा आवाज फाटका होता, मुलाचा बरा. माझ्या आत तेव्हाही काही हलले नाही. शेवटपर्यंत म्हटले, मग वाचले, मग म्हाताऱ्याने आपल्या मागासाठी सूत मागितले. जाताना म्हातारी दारात थांबली.

"जातीवाल्यायले काय सांगू?" तिने नवऱ्याला विचारले.

"सांग, येळ नाई म्हनाव," म्हातारा म्हणाला.

ते पंगतीला परत गेले नाहीत.

आता लढाई संपली आहे आणि कापसाचा भाव उतरला आहे. पुष्कळ दिवस असे जातात की मला काहीच वाटत नाही. रविवारी म्हाताऱ्याचे घर आणि आणखी एक घर आमच्याकडे येते. आधी उपकारस्तुती होते, मग वाचन, मग मागणे. मग ते आपापल्या घरी जातात, आणि मी माझ्यापुरती भाकर टाकतो.