सुरईतून आणलेला समुद्र

लोक लग्नानंतर समुद्रावर फिरायला जातात. आम्ही लग्नाला दोन वर्षं होऊन गेल्यावर गेलो, तेही समुद्राचं पाणी आणायला. सत्तरच्या दशकाच्या शेवटचा कुठलासा उन्हाळा. माझी बायको शालू नागपूरला प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करत होती. तिच्या डोक्यात एकच प्रश्न बसला होता: समुद्राचं पाणी तापलं तर त्यातल्या प्लवकांचं काय होतं? प्लवक म्हणजे पाण्यात तरंगत जगणारे बारके जीव, काही वनस्पती, काही झिंग्यांची चिमुकली भावंडं. सगळ्या मासळीचं पोट शेवटी त्यांच्यावरच भरतं.

"समुद्र कुठे, नागपूर कुठे?" तिचे सर म्हणाले.

"पण सर, पाणी तापवायला नागपूरइतकी सोय कुठे मिळणार?"

सर हसले, पण त्यांनी अट घातलीच. प्लवक जिवंत आणून दाखव, तर विषय तुझा. नाहीतर सगळ्यांसारखं अंबाझरी तलावाचं पाणी घे. शालूला तलाव नको होता, आणि तिला काय नको असतं हे घरात सगळ्यांना लवकर कळायचं.

प्लवक धरायला जाळी लागते, कापडाइतकी बारीक. ती उमरेडला माझ्या वडिलांनी मागावर विणली. "इतक्या बारीक कापडात काय धरतं गा तू? मच्छर?" त्यांनी मला विचारलं. "माशाचं जेवण, बाबा," मी म्हणालो. आईने दोन सुरया दिल्या, एक प्यायच्या पाण्याची, एक समुद्राची. आमच्याकडे उन्हाळ्यात पाणी गार ठेवायचं म्हटलं की दुसरं काही सुचतच नाही. शालूलाही सुचलं नाही.

मुंबईला पोचून भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच धरली. तुम्ही जाणार असाल तर पावसाळा टाळा आणि सावलीच्या बाजूला बसा, मी नेमका उलट बसलो आणि कान भाजून घेतले. रेवसहून एसटीने अलिबाग. तिथल्या खाणावळीत बांगड्याचं कालवण आणि तांदळाची भाकरी मिळाली. थाळी स्वस्त, वर भात लागेल तितका. चव उत्तम होती, पण आमच्या जिभेला नारळाने फारच मऊ वागवलं. शेवटी मी पिशवीतला ठेचा काढला.

सकाळी एका कोळीदादांच्या होडीतून गेलो. जाळी पाण्यातून ओढत नेली आणि तिच्या टोकाच्या बाटलीत जे जमलं ते समुद्राच्या पाण्यासकट सुरईत ओतलं. थोडं पेल्यात घेऊन शालूने उन्हात धरलं. पाण्यात ठिपके टुणटुण उडत होते. कोळीदादा बघत राहिले. "एवढ्या लांबून आलाव, नि पानीच नेताव?" आम्हाला हसू आवरेना.

दुपारची लाँच, दादरला नातेवाइकांकडे मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी. सुरई शालूच्या दोन पायांमध्ये, वर ओलं फडकं. जळगाव गेलं तसा डबा तापायला लागला. भुसावळला मी केळी घ्यायला उतरलो. परत आलो तर समोरच्या बाकावरचे अकोल्याचे काका खिडकीबाहेर थुंकत होते आणि शालू दचकून डुलकीतून जागी होत होती. तहान लागली म्हणून काकांनी न विचारता सुरई उचलली होती, आणि नेमकी समुद्राची.

"अरे बाप! पानी होय का औषध? आगच लागली जिभेले!"

शालूने माफीबिफी काही मागितली नाही. "काका, किती प्यायलात?"

"एक घोट गेला पोटात. काहून? काय होतं त्याच्यात?"

"काही नाही, बारके जीव. झिंग्यांसारखे."

काकांनी गळ्यातल्या तुळशीच्या माळेला हात लावला. "म्या माळकरी मानूस वं बाई!" मग त्यांनी स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. बोटं पांढरी झाली होती. "अन् हे काय? सुरईले मीठ फुटून राहिलं."

शालूने सुरईवर बोट फिरवून जिभेला लावलं आणि तिचा चेहरा पडला. "अहो, सुरई पाझरते म्हणून पाणी गार होतं. पाणी उडून जातंय आणि मीठ बरंचसं आतच राहतंय. खारं होऊन मरतील सगळे! एम.एस्सी.च्या आधी मी शाळेत मुलांना हेच शिकवत होते हो!" तिचे डोळे भरून आले. मला वाटलं, गेला विषय.

उडालं ते गोडं पाणी, तर तेवढं गोडंच परत घालायचं, असं तिने ठरवलं. आत डोकावून जुन्या ओल्या रेषेपर्यंत प्यायच्या सुरईतलं पाणी ती थोडं थोडं ओतत गेली. अकोला यायच्या आतच आमचं पाणी संपलं. तेव्हा काकांनी आपली फिरकीच्या झाकणाची प्रवासी सुराही पुढे केली. "घ्या. माह्या पोटात गेले ते गेले, उरले त्याहिले तरी वाचवा." अकोल्याला उतरताना त्यांनी नळावरून ती भरून आणून आमच्या सुरईत ओतायला दिली आणि फलाटावरून ओरडून सांगितलं, "जगले तर कळवजा वं!" पत्ता द्यायचा मात्र राहूनच गेला.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत सरांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही. मग ते शिपायाला म्हणाले, "त्या अंबाझरीच्या बरण्या हलव रे, हिला जागा कर." शालू भिंतीला टेकून खाली बसली आणि हसत सुटली. बरेच मेले होते, पण बरेच उड्याही मारत होते. इतकं हलकं मला त्यानंतर क्वचितच वाटलंय.

पुढे काही बरण्या तिने खसच्या ओल्या पडद्यामागे गारव्यात ठेवल्या, काही नागपूरच्या उन्हाच्या भरवशावर. तापलेल्या बरण्यांत मोठे आधी तळाला गेले, बारके टिकले. वरून पाणी सारखंच दिसायचं, आतली वस्ती मात्र बदललेली असायची. आता समुद्र खरंच तापतायत आणि अशाच बातम्या येतात. शालू त्या वाचून मला मोठ्याने ऐकवते.

सुरई अजून आहे. तिच्यातलं पाणी कायम खारट लागायचं, म्हणून आईने तिच्यात झाडू उभे केले. प्रयोगशाळेतून परतलो त्या संध्याकाळी तिनेच विचारलं होतं, "कसा होता वं समुद्र?"

शालू म्हणाली, "आई, मी पाहिलाच नाही नीट. सगळा वेळ सुरईकडेच पाहत होते."

सुदैवाने सरांचं एका फेरीने समाधान झालं नव्हतं. पुढच्या वर्षी आम्ही काचेच्या बरण्या घेऊन परत गेलो. पाणी दुसऱ्या दिवशी भरायचं ठरवलं आणि आधी तिला वाळूत बसवलं. सूर्य बुडेपर्यंत तिने समुद्रावरून नजर हलवली नाही.