पास झालेल्यांची सायकल

डोरीन हॅलम मठ्ठ आहे, हे क्रॉबेक गावात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळ्यांत जास्त तिला स्वतःला. शाळेच्या स्वयंपाकघरात मी तिच्यासोबत चोवीस वर्षं बटाटे सोलले. चारशे पोरांचं जेवण ती तोंडी अंदाजानं लावायची, कधी एक ताट कमी पडलं नाही. पण कुणी काही विचारलं की म्हणायची, "मला नका विचारू बाई, मी नापास आहे."

अकराव्या वर्षी द्यायची ती परीक्षा. पास झालेली पोरं टेकडीवरच्या ग्रामर शाळेत जायची, तिथून पुढं कॉलेजात. नापास झालेली कालव्याकाठच्या शाळेत, आणि पंधराव्या वर्षी गिरणीत. डोरीन आणि रेमंड जुळे. चौपन्न साली रेमंड पास झाला, ही राहिली. पास झाल्याबद्दल बापानं त्याला हिरवी सायकल आणली. हिनं हँडलला हात लावला तर रेमंड म्हणाला, "सोड! ही पास झालेल्यांची आहे." पुढं तो बँकेत साहेब झाला. रविवारी सगळे जेवायला बसले की अजूनही म्हणायचा, "डोरीनला जरा सोपं करून सांगा." आणि ही येडी हसायची! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

एकाहत्तर साली दोन्ही शाळांची मिळून एक शाळा केली. आता निवड नाही, सगळी लेकरं एका छपराखाली, अशी भाषणं झाली. छप्पर एक झालं खरं, पण आत 'अ' वर्गात टेकडीवरची पोरं, 'क' मध्ये कालव्याकडची. नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा. मग गिरण्या गेल्या, पोरं घटली, आणि शहाण्णव साली शाळाच बंद करायचा हुकूम आला.

कपाटं रिकामी करायचं काम आम्हा बायकांवरच आलं. ग्रामर शाळेच्या जुन्या कागदांत चौपन्न सालची यादी निघाली. रेमंड हॅलम, एकाहत्तर गुण. डोरीन हॅलम, शहात्तर. खाली तांबड्या शाईत लिहिलं होतं : मुलगे सत्तरच्या वर घ्यावेत, मुली ऐंशीच्या वर, मुलींना जागा कमी.

डोरीननं ते बोट ठेवून तीनदा वाचलं. म्हणाली, "आयव्ही, मी मठ्ठ नव्हते गं." आणि तिथंच धुळीत बसली. मी रडले, ती नाही रडली.

तिला एकच हवं होतं : रेमंडनं एकदा तोंडानं कबूल करावं. मला सोबत घेऊन ती त्याच दुपारी त्याच्या घरी गेली. त्यानं चष्मा लावून यादी पाहिली, घडी घातली आणि परत दिली.

"हे मला माहीत आहे," तो म्हणाला. "हेडमास्तर तेव्हाच घरी सांगायला आले होते. बाबा म्हणाले, पोरीला कशाला सांगायचं, उगाच डोक्यात घेईल."

"बेचाळीस वर्षं, रेमंड?"

"आता काय फरक पडतो, डोरीन? चहा घेणार ना?"

मला वाटलं ही आता ओरडेल, कप फोडेल. मी असते तर फोडला असता! ती नुसती उठली, कोट घातला, बटणं नीट लावली.

"सायकलवर तरी एकदा बसू द्यायचंस रे," ती म्हणाली.