वस्तऱ्याखालचं इंग्रजी

आमच्या ह्यांना सगळी गल्ली कॅप्टन म्हणते. ह्यांना वाटतं, कौतुकाने म्हणते. वाटू दे बापडे. जहाज ह्यांनी फक्त कॅलेंडरवर पाहिलंय. नावेत बसले होते एकदाच, तेही तळ्यात, आणि काठाला लागेपर्यंत माझा दंड सोडला नव्हता.

धंदा न्हाव्याचा. दुकान माझ्या आप्पांचं. दोन खुर्च्या, समोर भिंतभर आरसा, वाट बघणाऱ्यांसाठी एक बाकडं आणि खिळ्याला लटकणारा धार लावायचा पट्टा. तो आरसा आप्पांनी हातगाडीवरून आणला होता. फुटेल म्हणून गाडीवाल्याला शिव्या घालत अख्खी वाट सोबत चालले. त्यांना मुलगा नव्हता, त्यामुळे फेस करण्यापासून दाढी करण्यापर्यंत सगळं मी लहानपणीच शिकले. पुढे लग्न झालं, ह्यांना खुर्ची मिळाली आणि मला स्वयंपाकघर. हात ह्यांचा हलका आहे, खोटं कशाला बोलू? डोकंही तेवढंच हलकं.

झालं काय, की जहाजावरच्या सलूनसाठी न्हावी हवेत अशी जाहिरात आली. अट एवढीच, की गिऱ्हाइकाशी दोन वाक्यं इंग्रजीत बोलता आली पाहिजेत. झालं! स्वारीच्या अंगात आलं. लेकीचं व्याकरणाचं पुस्तक ओढून घेतलं, क्रियापदांचा तक्ता बघितला आणि तोंड वाकडं केलं.

"हे काय गं? प्रत्येकाचा वेगळाच नखरा! काल एक, आज एक!"

पुस्तक मिटलं ते मिटलंच. मग जेवताना आम्हा मायलेकींना प्रवचन झालं. "सगळी भाषा शिकून काय करायचीय? न्हाव्याला एक क्रियापद पुरे. केस वाढतात, ग्रो. काल वाढले, ग्रोड. संपलं. बाकी सगळं वापरून वापरून येतं."

आता वापरायचं कुठे? तर दुकानात.

इथे आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. ज्याच्या गळ्यावर वस्तरा असतो, तो माणूस वाद घालत नाही. मान हलवायची सोय नसते आणि तोंड उघडलं तर फेस आत जातो. हनुवटी वर, डोळे छताला आणि काहीही विचारा, घशातून एकच उत्तर येतं, "हं." आप्पांचा दंडकच होता, की फेस पुसेपर्यंत गिऱ्हाइकाला काही विचारायचं नाही आणि त्याने काही म्हटलं तर ते खरं धरायचं नाही. ह्यांनी नेमकं तेच धरलं.

"युवर बिअर्ड ग्रोड व्हेरी फास्ट. करेक्ट?"

"हं."

बँकेतला कॅशियर "हं" म्हणाला. कोपऱ्यावरचा औषधवाला "हं" म्हणाला. आणि एके दिवशी कॉलेजात इंग्रजी शिकवणारे प्रोफेसर, ज्यांची अख्खी हयात ह्याच तक्त्यावरून पोरांना फटकारण्यात गेली, तेसुद्धा "हं" म्हणाले. त्या दुपारी स्वारी घरी आली ती तरंगतच.

"प्रोफेसरांनी शिक्का मारला!"

"बाबा, ग्रोड नाही हो," लेक म्हणाली. "ग्रो, ग्रू, ग्रोन."

"तुझी बाई मोठी की प्रोफेसर?"

मी म्हटलं, "अहो, त्यांचा गळा तुमच्या हातात होता!"

"गळा माझ्या हातात होता, जीभ तर त्यांचीच होती ना?"

मी कपाळाला हात लावला आणि भाकऱ्या थापायला बसले.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण आमच्या शेजारी चपलांचं दुकान आहे. त्या चपलावाल्याचा आमच्या जागेवर कधीचा डोळा. त्याची खोकी फुटपाथपर्यंत येतात. ह्यांनी त्याला भर गल्लीत शब्द देऊन टाकला. "मुलाखत झाली की दुकान तुमचं. मी कुठे आता जमिनीवर राहतोय?"

मला विचारलं ते शब्द देऊन झाल्यावर.

"दुकान देऊन टाकतोय. चालेल ना?"

"नाही. मुळीच चालणार नाही. आप्पांचं दुकान आहे ते."

"हं, म्हणजे चालेल," असं म्हणून ह्यांनी आमटी वाढून घेतली. दिवसभर ज्याला "हं"च ऐकायची सवय, त्याच्या कानात "नाही" शिरतच नाही. आप्पांचा आरसा खोक्यांच्या ढिगाआड जाणार, ह्या विचाराने चीड यायची आणि रडूही यायचं. रडले नाही. कांदा चिरायला घेतला की काय थोडं वाहील तेवढंच.

मुलाखतीला दाढी करून दाखवायची होती आणि माणूस आपला आपण न्यायचा होता. चपलावाला स्वतः उत्साहाने गेला, आठवडाभर दाढी वाढवून. ह्यांची निवड व्हावी असं मनापासून वाटणारा जगात तोच एक.

मी दुकान उघडून आरसा पुसत बसले होते. बाकड्यावर प्रोफेसर दाढीसाठी वाट बघत होते. दुपार कलली तेव्हा दोघं परत आले. ह्यांचं तोंड उतरलेलं, आणि चपलावाल्याचा एक गाल लख्ख, दुसऱ्यावर झुडूप.

"अहो, हे काय ध्यान?"

"काय सांगू वहिनी!" चपलावाला सुरू झाला. "निम्मी दाढी काय झाली, नुसतं लोणी! साहेबीण बाई खूश. म्हणाली, वस्तरा जरा बाजूला ठेवा, आता बोला. कॅप्टन म्हणाले, हिज बिअर्ड ग्रोड. बाई हसली, ग्रू म्हणाली आणि पुढचं विचारायला लागली. सोडून द्यायचं की नाही? हे म्हणाले, नो मॅडम, ग्रोड. ती म्हणाली, असू दे. हे म्हणाले, असू दे कसं? यू राँग. माय प्रोफेसर से ग्रोड! शेवटी शिपायाने दार उघडून धरलं."

बाकड्यावर प्रोफेसरांनी वर्तमानपत्र जरा आणखी वर धरलं.

"बाई कच्ची होती," हे पुटपुटले.

"ते असेल. पण दुकानाचं काय? शब्द म्हणजे शब्द." चपलावाल्याने खिशातून टेप काढली आणि सरळ भिंत मापायला लागला. साहेबिणीशी भांडणारे आमचे कॅप्टन खाली फरशीकडे बघत म्हणाले, "शब्द दिलाय खरा."

मग मात्र माझी सटकली.

"भाऊ, माप सावकाश घ्या," मी म्हटलं. "आधी तो गाल तरी करून घ्या. असे गल्ल्यावर बसलात तर गिऱ्हाईक पळेल."

चपलावाल्याने आरशात बघितलं आणि मुकाट खुर्चीत बसला. हे पुढे झाले. मी वस्तरा आधीच उचलून पट्ट्यावर घासायला घेतला होता.

"तुम्ही दमलात वादावादी करून. बसा."

फेस केला, हनुवटी वर केली आणि पातं गळ्याशी नेलं.

"भाऊ, दुकान आमच्याकडेच राहतंय ना?"

त्याचे डोळे आरशातून माझ्यावर आले.

"लग्नानंतर वस्तरा धरला नाही हो मी. हात जरा अवघडलाय, म्हणून आपलं बोलत बोलत करते. राहतंय ना?"

"हं."

"नीट ऐकू नाही आलं."

"हं! हं!"

"ऐकलंत ना सर?"

प्रोफेसर ताडकन उभे राहिले. "ऐकलं. स्वच्छ ऐकलं."

"आणि ते ग्रोड, सर?"

त्यांचा हात आपसूक स्वतःच्या गळ्याकडे गेला. "चूकच आहे ते, वहिनी. शंभर टक्के चूक. पण तेव्हा..." नुसतेच वस्तऱ्याकडे बघत राहिले. ह्यांचा चेहरा तेव्हा बघायला हवा होता. साहेबिणीने दार दाखवलं तेव्हाही एवढा पडला नसेल.

मी फेस पुसला तसा चपलावाल्याला कंठ फुटला. "हे काही खरं नाही वहिनी!"

"मग सांगा ना गल्लीत, बाईने दाढी करता करता दुकान काढून घेतलं म्हणून."

त्याने टेप गुंडाळली आणि गेला. प्रोफेसरांनाही एकाएकी काम आठवलं. दाढी न करताच निघाले.

दुकानात आम्ही दोघंच उरलो. "आता तुम्ही बसा," मी म्हटलं. बसले. फेस लावला, हनुवटी वर केली.

"दुकान कोणाचं?"

"तुझं," एका दमात उत्तर आलं. लग्न झाल्यापासून इतकं सरळ उत्तर मी ऐकलं नव्हतं. जीव सुखावला, नाही कशाला म्हणू? पण मी आप्पांची मुलगी. वस्तऱ्याखालचं उत्तर खरं धरायचं नाही. मी फेस पुसला, वस्तरा खणात ठेवला, खण लावून घेतला आणि तोच प्रश्न परत विचारला.

ह्यांनी गळा चाचपला. आरशात दोन्ही गाल फिरवून बघितले, खाकरले.

"तसं बघायला गेलं तर आपलं दोघांचंच आहे की ते!"

मी पुन्हा खण उघडला.