भेदरांसाठी काढलेली ताटी

भिंत पडली तेव्हा सासू आत होती आणि मी विहिरीवर. आवाज फार मोठा झाला नाही. धानाचं पोतं गाडीवरून खाली टाकल्यावर होतो तेवढाच. वळून पाहिलं तर मधल्या खोलीवरचे कवेलू, म्हणजे कौलं, घसरत खाली येत होते आणि पूर्वेची भिंत जागेवर नव्हती. आतली ढोली उघडी दिसत होती. ढोली म्हणजे धान साठवायची बांबूची मोठी कणगी. तीही तिरपी झाली होती आणि तिच्यावर छपराचं लाकूड टेकलं होतं.

माझा पहिला विचार खोक्यांचा होता. खोटं कशाला लिहू? त्या भिंतीला लागून माझ्या भेदरांच्या रोपांची चार खोकी होती. सासूचा विचार त्याच्या मागून आला, कारण विहिरीकडे निघताना मी तिला ढोलीतून धान काढताना पाहिलं होतं. घागर तिथेच टाकून मी धावले आणि हाका मारल्या. आतून उत्तर आलं नाही.

टमाट्याला आमच्याकडे भेदरं म्हणतात. माझं माहेर शहापूरकडचं, सडकेच्या काठचं. बाप घरामागच्या बाडीत भाजी लावायचा आणि मोटारीवर टाकून भंडाऱ्याला पाठवायचा. सासर अड्याळजवळच्या खेड्यात. इथे धान, धान निघाल्यावर त्याच खाचरात, बांधीत, लाखोळीची डाळ, बांधावर तूर. भाजी म्हणजे छपरावर चढलेला दोडका. भेदरं सगळे एकाच वेळी लावायचे आणि सगळ्यांची एकाच वेळी पिकायची, तेव्हा बाजारात त्यांना कोणी विचारत नसे. पावसाळ्यातच रोप तयार केलं तर दसऱ्याच्या सुमाराला भेदरं हाती येतात, हे मी बापाकडे पाहिलेलं होतं. इथे दोन वर्षं बाडीत वाफा करून पाहिला. एकदा झडीत बी वाहून गेलं, एकदा कोंबड्यांनी उकरलं. म्हणून आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी मी बी घरात लावायचं ठरवलं.

दुकानदाराकडून चहाची रिकामी खोकी आणली. तळ्याचा गाळ, जुनं शेणखत आणि थोडी रेती चाळून भरली. बी घरचंच होतं. आदल्या उन्हाळ्यात चांगली पिकलेली भेदरं राखेत कुस्करून वाळवून ठेवली होती. बोटाने रेघ ओढून पेरलं, वर राखेचा हात फिरवला. सहाव्या दिवशी मान वाकवून रोपं वर आली. पण खोलीत अंधार. आठ दिवसांत रोपं दोऱ्यासारखी लांब आणि पांढरी झाली, दाराच्या दिशेने आडवी पडली आणि मेली. परत पेरलं. या वेळी नवऱ्याला म्हटलं, पूर्वेच्या भिंतीला भोक पाडून द्या. त्याने लोखंडी सब्बल घेऊन हातभर लांब, वीतभर उंच असं भोक पाडलं.

भोक पाडून उजेड आला नाही. कारण बाहेरून ताटी होती. मातीच्या भिंतीला पावसाळ्याआधी बाहेरून तुराट्यांची आणि पळसाच्या पानांची ताटी बांधतात, म्हणजे पावसाचा मार भिंतीवर बसत नाही. आमच्याकडचं लहान पोरही हे जाणतं. मी ती ताटी भोकापुरती सोडून बाजूला केली. वरची काढली तशी खालचीही ढिली झाली. मी ती पुन्हा बांधली नाही.

सासूने पाहिलं. ती तिखट बाई होती.

"पावसाळ्यात भिंतीची ताटी काढते? त्यापेक्षा सोताच लुगडं सोडून उभी राहा ना पावसात."

"हातभरच काढली, आत्याबाई. रोपायले उजेड पाहिजे."

"रोपायले उजेड पाहिजे, मले भिंत पाहिजे. शहापुरात भिंती नसतेत का?"

"शहापुरात विटाच्या हायेत."

"मंग वीट घेऊन याची होती माहेरून."

मी ऐकलं नाही. रोपं या वेळी बुटकी, जाड, हिरवी निघाली होती आणि मला तेवढंच दिसत होतं. सकाळ-संध्याकाळ तांब्याने पाणी घालायची. खोक्यांच्या फटींतून ते पाणी भिंतीच्या बुडाशी जायचं. म्हणजे बाहेरून पाऊस आणि आतून मी.

गल्लीत हसण्याचा विषय झाला होता. धानाच्या रोवण्यावर, चिखलात ओणव्या बायका म्हणायच्या, "लवकर जाऊ द्या वो हिले, घरी भेदरं रडून राहिले असतीन." दुसरी म्हणायची, "पाळण्यात निजवते का खाटेवर?" मी म्हणायची, तुझ्या नवऱ्याच्या जागेवर निजवते. त्या हसायच्या.

सहा दिवस झड लागली होती. सातव्या दिवशी सकाळी ऊन पडलं आणि सगळं गाव रोवण्याला गेलं. मातीची भिंत पावसात पडत नाही, पाऊस थांबून ऊन पडलं की पडते. हे मला नंतर कळलं. त्या दिवशी शिदोरी न्यायला मी दुपारी घरी आले होते. माझी दोन्ही पोरं बांधावर होती, नवरा आणि सासरा बांधीत. गावात उरले होते ते म्हातारे आणि समोरच्या घरची बाळंतीण सून.

फावडा उचलला आणि टाकून दिला. खाली माणूस कुठे आहे ते माहीत नसताना फावडा मारता येत नाही. हाताने माती ओढायला लागले. ओली माती फार जड असते. गल्लीच्या टोकाचा एक म्हातारा काठी टेकत आला, पाहिलं, आणि माणसं बोलवायला शेताकडे चालायला लागला. त्याची चाल पाहून माणसं कधी येतील याचा अंदाज आला. मी पुन्हा माती ओढायला लागले.

तेवढ्यात कोणी तरी माझ्या शेजारी घमेलं ठेवलं. समोरची सून. कान बांधलेले, अंगावर घोंगडी. बाळंत होऊन सातवा दिवस होता. आमच्याकडे बाळंतिणीने बारा दिवस उंबरठा ओलांडायचा नाही, पाण्यात हात घालायचा नाही, आणि तिला कोणी शिवायचं नाही.

"तू जाय घरी," मी म्हटलं. "पोरगं कुठी हाय?"

"निजलं. भरा तुम्ही, मी टाकतो."

आमच्याकडे बायाही 'टाकतो', 'जातो' म्हणतात. मी भरत गेले, ती टाकत गेली. किती वेळ ते सांगता येणार नाही. माझी दोन नखं निघाली, ते मला संध्याकाळी दिसलं. कवेलूचे तुकडे, माती, माझी रोपं, माती. एक खोकं अख्खं हाती लागलं, ते मी बाजूला फेकलं. मग ढोलीच्या बुडाजवळ लुगड्याचा काठ दिसला. मी जोरात ओढायला लागले आणि खालून आवाज आला.

"हळू. तोंडात माती टाकून राहिली माह्या."

छपराचं लाकूड ढोलीवर अडकलं होतं म्हणून तिच्या डोक्याकडे पोकळी राहिली होती. तोंड, एक हात आणि छाती मोकळी केली. कमरेखाली माती होती आणि उजव्या मांडीवर दुसरं एक लाकूड आडवं पडलेलं. सासूने डोळे पुसले आणि वर पाहिलं.

"तुह्यासंगं कोण हाय?"

"समोरची सून."

"बाळंतीण? मले हात नको लावू देऊ तिले."

"मंग कोण काढीन तुम्हाले? मी एकटी काढू?"

 सून तशीच वाकून उभी होती, घमेलं हातात.

"काढा," सासू म्हणाली. "पण मंग घरी जाय म्हणा तिले."

लाकूड आम्हा दोघींना उचलेना. वरच्या अंगाला भिंतीचा राहिलेला तुकडा हलत होता. त्यातून बारीक माती गळायची आणि थांबायची. तो पडला असता तर तिघीही गेलो असतो. सून धान कांडायचं मुसळ घेऊन आली. ते आम्ही लाकडाखाली उभं लावलं, बुडाला पाटा दिला. लाकूड बोटभर उचललं गेलं. त्याहून जास्त झालं नाही. मग मी मुसळ धरून बसले, कारण ते चिखलात सरकत होतं. सुनेला हाकललं. ती दारापर्यंत गेली, पोराला पाहिलं आणि परत आली. तिने मुसळाला दुसऱ्या बाजूने हात लावला.

सासू म्हणाली, "धान भिजलं असंन."

मी म्हटलं, "भिजलं."

"किती?"

"पाहिलं नाही."

"पाहाचं होतं."

माणसं आली तेव्हा सगळी गुडघ्यापर्यंत चिखलाची होती. चौघांनी लाकूड उचललं, नवऱ्याने आईला ओढून बाहेर घेतलं. तेव्हा ती पहिल्यांदा ओरडली. मांडीचं हाड मोडलं होतं. आम्ही बाहेर पडलो आणि भिंतीचा राहिलेला तुकडा थोड्या वेळाने पडला. तेव्हा खाली कोणी नव्हतं.

गाडी चिखलात जात नव्हती. खाटेवर घालून चौघांनी शेजारच्या गावच्या हाड बसवणाऱ्याकडे नेलं. पण निघायच्या आधी तिने खाट थांबवली. अंगावर गोमूत्र शिंपडायला लावलं, कारण तिला बाळंतिणीचा हात लागला होता. पाय लोंबत होता, तरी शिंपडून होईपर्यंत तिने खाट उचलू दिली नाही. हाड बसवणाऱ्याने ते ओढून बांबूच्या कांबी बांधल्या आणि अडीच महिने उठायचं नाही म्हणून सांगितलं.

नवरा तीन दिवस माझ्याशी बोलला नाही. चौथ्या दिवशी म्हणाला, "तुह्या भेदरायपायी माय गेली असती."

"ताटी मी काढली," मी म्हटलं. "भोक तुम्ही पाडलं."

त्यानंतर तो विषय त्याने काढला नाही. मीही काढला नाही. पण दोष सारखा नव्हता हे मला माहीत होतं. त्याला मी सांगितलं म्हणून त्याने सब्बल घेतली. मला सासूने नको म्हटलं होतं तरी मी ताटी सोडली.

सासूचं भय संपलं नाही तोच समोरचं सुरू झालं. सुनेला भिंत पडली त्याच रात्री ताप चढला. ओल्या मातीत, उघड्यावर, सातव्या दिवशी, दुसरं काय होणार. तिची सासू आमच्या दारात येऊन उभी राहिली. आत आली नाही.

"माह्या सुनेले काही झालं तं त्याच मातीत गाडीन तुले," ती म्हणाली. आवाज चढवून नाही, साधं सांगावं तसं.

 खरंच होतं. दोन दिवसांत सुनेचं दूध आटलं आणि पोरगं रात्रंदिवस रडायला लागलं. भिंत नसल्यामुळे ते आम्हाला जास्तच ऐकू यायचं. माझी धाकटी दीड वर्षाची होती, अजून पीत होती. म्हणजे दूध माझ्या अंगावर होतं. पण मी घरात सासूचं हागणं-मुतणं काढणारी, आणि समोर बारा दिवस व्हायचे होते. मी तिथे पाऊल टाकलं असतं तर सासूने घरात घेतलं नसतं, असं मला वाटत होतं.

सासूच खाटेवरून म्हणाली, "बहिरी झाली का? ते पोरगं रडून राहिलं."

"ऐकू येते."

"मंग जाय ना. पाजून ये."

"विटाळ, आत्याबाई."

"मी काय धुतल्या तांदळाची राहिली? जाय. आल्यावर पाय धू म्हंजे झालं."

समोरच्या सासूने मला दारात पाहिलं आणि बाजूला झाली. मी पोराला घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून बसले. नऊ दिवस मी दिवसातून पाच-सहा वेळा जात होते. माझी धाकटी रडायची, तिला भाताची पेज द्यायची. सुनेचा ताप दहाव्या दिवशी उतरला. आणखी दोन दिवसांनी तिला थोडं दूध आलं.

फेकलेल्या त्या एका खोक्यात चाळीसच्या आत-बाहेर रोपं होती. भिंत परत घालून झाल्यावर मी ती बाडीत लावली. भेदरं दसऱ्याच्या आधीच आली. चांगली आली. अड्याळच्या बाजारात मी ती नेली नाहीत, मला नेववली नाहीत. गल्लीत वाटली, समोर टोपलीभर दिली. सासूला भाताबरोबर चटणी करून दिली. खाल्ली आणि म्हणाली, आंबट हाय. पुढची वर्षं मी खोकी ओसरीच्या मधोमध ठेवत होते, भिंतीपासून तीन हात दूर, आणि सासू तिथेच काठी घेऊन बसायची. कोंबड्यांसाठी म्हणायची. पण खोक्याखाली पाणी साचलं की काठी माझ्याकडे वळायची.

तिचा पाय दोन बोटं आखूड राहिला. ती आणखी अकरा वर्षं जगली आणि तापाने गेली. समोरची सून अजून आहे, तिला आता नातसून आली आहे. जे पोरगं मी पाजलं, तेही जगलं.