भीतीबाईंची लवंग

भीतीबाई कॉम्प्युटरकडे फारशा बघायच्याच नाहीत. त्या टेबलाखाली बघायच्या. सात रस्त्याजवळच्या दोन खोल्यांत आमचं वेबसाइट तयार करण्याचं ऑफिस आहे. साइट सुरू करण्याआधी चार साध्या माणसांना बोलावून ती वापरायला द्यायची आणि ती कुठे अडखळतात ते टिपायचं, हे बाईंचं काम. आम्ही पडद्यावर डोळे लावून बसलेले असायचो आणि बाई खाली वाकून त्या माणसाची पावलं निरखत असायच्या. "तोंड खोटं बोलतंय गं. पायाची बोटं आवळली की समजायचं, माणूस भ्यालंय." बोटं आवळली गेली की वहीत त्या पानापुढे फुली पडायची.

प्रत्येक नव्या पानाला त्यांचा एकच प्रश्न असायचा, "हितं भीती कुटं हाय?" म्हणून आम्ही त्यांचं नाव भीतीबाई ठेवलं. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्याचं काही वाटत नव्हतं. त्या मूळच्या केम गावच्या; उभं आयुष्य एका दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीमागे गेलं, पण बोली काही सुटली नाही. "खिडकीवर येणारं माणूस आधी भ्यालेलं असतंय, मग आजारी," त्या म्हणायच्या. स्वतःही कमी भित्र्या नव्हत्या. रस्ता ओलांडताना माझं कोपर असं धरायच्या की वळ उठायचे.

चाचणीच्या वेळी मला गप्प बसवत नसे. मी बनवलेलं पान समोरच्याला कळलं नाही की "तिथे नाही काकू, वर दाबा!" असं तोंडातून निघालंच म्हणून समजा. मग बाईंनी त्यावर उपाय काढला. त्यांच्या पिशवीत एक छोटी डबी असायची. तिच्यातली लवंग माझ्या हातावर ठेवायच्या. "दाढंखाली धर. चावायची न्हाय, बोलायचं न्हाय. घरी त्याच्या शेजारी तू बसणार हायस व्हय?" जीभ चुरचुरायची, जीव वरखाली व्हायचा, पण तोंड बंद राहायचं.

मग एका डायलिसिस केंद्राचं काम आलं. पेशंटनं घरूनच नंबर लावायचा, अशी साइट हवी होती. मी पान अगदी सुटसुटीत केलं. एकच मोठं बटण. दाबलं की नंबर लागायचा, मग त्याच जागी 'नंबर रद्द करा' असं यायचं. एका बटणात दोन कामं बसवली म्हणून मी स्वतःवर भलतीच खूश होते. चाचणीला आलेल्या सगळ्यांना ते जमलं. तरी बाईंच्या वहीत फुली होतीच. "हितं आपलं नेट पळतंय. तितं गावाकडं ते चाक गरगर फिरत बसतं. तेवढ्यात माणूस काय करील? केमला जाऊन बघू की एकदा." सोमवारी साइट सुरू करायची होती. मी म्हटलं, "बाई, तुम्हाला सगळीकडे भीतीच दिसते." त्यांनी वही मिटून पिशवीत ठेवली.

साइट ठरल्याप्रमाणे सुरू झाली आणि गुरुवारी सकाळी केंद्रातून फोन आला. केमहून एक गृहस्थ बायकोला रेल्वेनं घेऊन आले होते आणि यादीत तिचं नावच नव्हतं. आम्ही दोघी धावत गेलो. त्यांची बायको बाकावर बसली होती. चेहरा सुजलेला, पावलं टम्म फुगलेली, आणि दर श्वासाला खांदे वर येत होते. आतल्या सगळ्या खुर्च्या भरलेल्या. नवऱ्यानं मोबाइल माझ्यापुढे धरला. "ताई, चाक फिरत हुतं. लागला का न्हाय कळंना. म्हणून पक्कं व्हावं म्हणून मी परत दाबलं की." त्यांच्या दुसऱ्या दाबण्यानं लागलेला नंबर निघून गेला होता. माझ्या मोकळ्या, सुंदर पानानं तो काढून टाकला होता.

खुर्ची रिकामी व्हायला दोन तास लागले. त्या दोन तासांत घाबरले तेवढी मी आयुष्यात कधी घाबरले नाही. ही बाई इथेच गेली तर, एवढं एकच मनात होतं. भीतीबाई तिच्याशेजारी बसून तिची पाठ चोळत होत्या आणि मधूनच सिस्टरकडे जाऊन विचारून येत होत्या. ती आत गेली, वाचली. परतताना मी रिक्षात रडायला लागले. बाई एवढंच म्हणाल्या, "उद्या केमला जाऊ."

गेलो. त्या दोघांच्या घरी ओसरीवर बसून, रखडत्या नेटवर, दाढेखाली लवंग धरून मी सगळं पाहिलं. चाक फिरायला लागलं आणि त्या माणसाची बोटं चपलेत आवळली. मग पान बदललं. एकदा दाबलं की बटणच नाहीसं होतं आणि ठळक अक्षरं येतात : 'तुमचा नंबर लागला आहे. पुन्हा दाबण्याची गरज नाही.' रद्द करायची सोय वेगळ्या पानावर गेली. ठळक अक्षरांतले ते शब्द बाईंचे आहेत.

पुढे बाईंचे पाय सुजू लागले आणि त्यांनी काम सोडलं. जाताना डबी मला दिली. काही महिन्यांनी एका दुपारी फोन आला. "डॉक्टर म्हणले, आता मशीनवर बसावं लागंल. तुझ्याच साइटवर नंबर लावतीय. तू फोनवर ऱ्हा नुसती. मधी बोलू नको." डबी उघडून मी लवंग तोंडात टाकली.

पावलं दिसत नव्हती, नुसता श्वास ऐकू येत होता. "तारीख..." एवढं पुटपुटून त्या बराच वेळ थांबल्या. मी तोंड घट्ट मिटून बसले. मग आवाज आला, "लागला. परत न्हाय दाबलं मी."

मी विचारलं, "बाई, भीती कुठे आहे?"

"पानावर न्हाय पोरी. पान चांगलं केलंयस." मग म्हणाल्या, "सगळी माझ्यापाशीच हाय."

मी लवंग कचकन चावली. "मंगळवारी मी येते तुमच्याबरोबर."

"ये. पर माझ्या पायांकडं बघू नको."

मंगळवारी मी गेले. चार तास त्यांच्या खुर्चीशेजारी बसून नुसती तोंडाकडे बघत राहिले. ते हसत होतं.